काळा रिठा

'भाऊ' हा शब्द आमच्या जळगावात फार स्वस्त आहे. केळीवाला भाऊ, रिक्षावाला भाऊ, बँकेच्या दारावरचा शिपाई भाऊ आणि ज्याच्याशी कोर्टात बांधावरून भांडण चालू आहे तोही भाऊच. मी जन्मभर हा शब्द तोंडात घोळवत आलो. पण हल्ली कोणी मला गोड आवाजात भाऊ म्हणालं की अंगावर पाल पडल्यासारखं होतं. याला आमचं अभ्यास मंडळ जबाबदार आहे. त्या मंडळाची हकीकत पोटात ठेवून ठेवून आंबली आहे, म्हणून एकदाची बाहेर काढतो.

मी शाळेत इतिहास शिकवायचो. निवृत्त झाल्यावर माणसाला दोन रोग लागतात, एक गुडघ्यांचा आणि दुसरा मंडळांचा. गुडघे माझे आधीच गेले होते. दुसरा रोग आमच्या कॉलनीतल्या एका निवृत्त पाटबंधारे इंजिनिअरने दिला. हा गृहस्थ मुलीकडे लंडनला तीन महिने राहून आला होता. तिथे त्याने फ्रीमेसन लोकांचं एक जुनं सभागृह पाहिलं आणि तो तिथून झपाटूनच परतला. फ्रीमेसन म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. देवळं-किल्ले बांधणाऱ्या दगडकामगारांच्या जुन्या संघांतून आपण आलो असं सांगणारी ही एक बंधुमंडळी आहे. गुण्या, कंपास, ओळंबा, पातळी ही गवंड्याची हत्यारं त्यांची चिन्हं. पुढ्यात पांढरा एप्रन बांधायचा, बंद दाराआड विधी करायचे आणि आत आल्यावर राजा काय नि चांभार काय, एकमेकांना भाऊ म्हणायचं. आपल्याकडे साहेबाच्या काळात त्यांचे बंगले होते आणि गावातले लोक त्यांना भूतबंगला म्हणत.

त्या खऱ्या संस्थेशी आमचा काडीचाही संबंध नव्हता, हे आधीच स्पष्ट करतो. ती माणसं कशी असतात मला माहीत नाही, आणि त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. आमचं मंडळ होतं त्यांच्या विधींचा अर्थ समजून घेण्यासाठी. इंजिनिअर अध्यक्ष झाले, कारण वरच्या मजल्यावरचा हॉल त्यांचा होता. मग एक हाडांचे डॉक्टर आले, पहूरकडचे एक वकील आले, तापीकाठी मळे असलेले एक केळीचे व्यापारी आले आणि वकिलांचे व्याही आले. व्याह्यांना बायको घरात बसू देत नव्हती. मी चिटणीस झालो. म्हणजे खुर्च्या लावायच्या, सामान आवरायचं आणि दिवे बंद करून निघायचं.

पहिलं वर्ष छान गेलं, हे कबूल केलं पाहिजे. दर महिन्यातल्या एका रविवारी संध्याकाळी आम्ही जमायचो. ओळंब्याचा अर्थ काय, पातळीचा अर्थ काय यावर बोलायचो. मी आपल्या खानदेशातल्या जुन्या दगडी देवळांवर दोन व्याख्यानं दिली. चुन्याशिवाय दगडावर दगड कसा बसवत आणि घडवणारा दगडाच्या पोटात स्वतःची खूण कशी कोरून ठेवी, हे सांगितलं. लोकांनी मन लावून ऐकलं. बाहेर मे महिन्याची भट्टी पेटलेली आणि आत कूलरच्या घरघरीत आम्ही सहा म्हातारे जगाच्या कोनांबद्दल बोलतोय, याचं मला सुख वाटायचं.

पण नुसत्या बोलण्यावर आपल्या लोकांचं पोट भरत नाही. अध्यक्ष एके दिवशी म्हणाले, "विधी करून पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ उमगत नाही." झालं. एप्रन शिवून आले. शिंप्याने विचारलं, "काका, केटरिंग घेतलं का?" काळ्यापांढऱ्या चौकटींची फरशी हवी होती, तर व्यापाऱ्यांनी ती फ्लेक्सवर छापून आणली. छापणाऱ्याने जुन्याच फ्लेक्सच्या पाठीवर छापल्यामुळे कोपरा उलटला की खालून कोणाचे तरी वाढदिवसाच्या शुभेच्छांचे जोडलेले हात दिसायचे. नव्या भावाला डोळे बांधून, गळ्यात दोर घालून, पायजम्याचा एक पाय गुडघ्यापर्यंत दुमडून आणतात असं पुस्तकात होतं. आम्ही व्यापाऱ्यांना तसं आणलं. दोर त्यांच्याच गोठ्यातला होता, आणि गुडघ्याला पट्टा होता तो डॉक्टरांनी विधीसाठी सोडला, तर ते दोन पावलांत खालीच बसले. हसून हसून आमची मुरकुंडी वळली. माझी बायको ऐकून म्हणाली, "नातवंडं असती तर हे सुचलं नसतं." तिची जीभ धारेची आहे, पण तिचं बहुतेक वेळा खरं निघतं.

याच काळात आबा आले.

आबांची नि माझी ओळख मेहरूण तलावावरची, सकाळच्या फिरण्यातली. ते मूळचे धुळ्याकडच्या एका खेड्यातले, गावकुसाबाहेरच्या वस्तीत जन्मलेले. वसतिगृहात राहून शिकले, वरणगावच्या कारखान्यात लागले आणि तिथून फोरमन म्हणून निवृत्त होऊन जळगावात घर बांधून राहिले. बायको वारली होती, मुलगा पुण्यात. माणूस टापटिपीचा. फिरायलासुद्धा इस्त्रीचा शर्ट आणि पॉलिश केलेले बूट. कामाचं बोलायचं असलं की छापील मराठी बोलायचे आणि मन भरून आलं की धुळ्याची बोली आपोआप बाहेर यायची. दिवसभर घरात टीव्ही लावून ठेवतात, पाहण्यासाठी नव्हे, आवाज असावा म्हणून, हे त्यांनी मला एकदा सहज सांगितलं. मला गलबलून आलं. मी म्हणालो, "आबा, आमच्या मंडळात चला."

त्यांना फ्रीमेसनबद्दल मी सांगितलं तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला. "राजा नि चांभार, खरंच एका रांगेत बसतात?" मी म्हणालो, निदान पुस्तकात तरी बसतात.

ते पाहुणे म्हणून येऊ लागले. मागच्या खुर्चीवर बसायचे. वर्षभरात त्यांनी एकही सभा चुकवली नाही. आम्हाला जे पुस्तकात बघून म्हणावं लागे ते त्यांना पाठ झालं. अध्यक्षांचं एक आवडतं भाषण होतं. हातात गवंड्याची पातळी घ्यायची, तिच्यातला बुडबुडा मध्यावर आणायचा आणि म्हणायचं, "या पातळीवर आपण सगळे सारखे. इथे उंच कोणी नाही, खाली कोणी नाही." दर वेळी हे ऐकताना आबांचे डोळे पाणवायचे. मी पाहिलं आहे ते.

आणखीही काही पाहिलं. अध्यक्षांच्या घरी चहा चिनी मातीच्या, सोनेरी काठाच्या कपांतून यायचा. आबा यायला लागल्यावर तिसऱ्या का चौथ्या सभेपासून कागदी कप आले. सगळ्यांनाच. "धुण्याची कटकट नको," असं वहिनी म्हणाल्या. थंडीत व्यापाऱ्यांच्या मळ्यात भरताची पार्टी झाली. कापसाच्या काड्यांवर भाजलेली हिरवी वांगी, लाकडी बडगीत ठेचलेलं भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या. आबांनी घरून स्वतःच्या हाताने केलेली शेवभाजी डबाभर आणली होती. डॉक्टर म्हणाले ॲसिडिटी आहे. वकील म्हणाले पोट तुडुंब झालंय. व्याही म्हणाले आज रविवार, मी तिखट सोडलंय. मग त्याच व्याह्यांनी हिरव्या मिरचीचा ठेचा दोनदा मागून घेतला. शेवभाजी मी आणि आबांनी खाल्ली. आबा हसत म्हणाले, "सर, जास्तच तिखट व्हई गयी वाटतं." मला तेव्हाच त्या पाचही जणांना भरताच्या बडगीत घालून ठेचावंसं वाटलं होतं.

उन्हाळ्याच्या तोंडावर तलावाच्या कठड्यावर बसलेलो असताना आबांनी बुटांकडे बघत विचारलं, "सर, माले बी त्या भाऊ करतीन का?"

चौसष्ट-पासष्टचा माणूस. ज्याच्या हाताखाली शंभर माणसं राबली असतील. आणि हे असं विचारतो, पोरगं आईकडे जत्रेला नेण्याबद्दल विचारतं तसं. मी म्हणालो, "करतील म्हणजे? करायलाच पाहिजे." पुढच्या सभेत मी त्यांचं नाव सुचवलं.

मग अध्यक्ष फार प्रसन्न चेहऱ्याने म्हणाले, उत्तम सूचना आहे, पण आतापर्यंत आपण माणसं फार ढिसाळपणे घेत आलो, यापुढे विधिवत घेऊ. विधिवत म्हणजे गुप्त मतदानाने. प्रत्येकाने एक गोळा पेटीत टाकायचा, पांढरा म्हणजे होकार, काळा म्हणजे नकार, आणि एक जरी काळा निघाला तरी माणूस आत नाही. कोणी टाकला हे विचारायचं नाही, कोणी सांगायचं नाही. "एका भावाच्याही मनात किंतु असेल तर बंधुभाव पूर्ण होत नाही," अध्यक्ष म्हणाले. ऐकायला किती सुरेख वाटतं.

गोळे कुठून आणायचे? व्यापाऱ्यांनी तोड काढली. काळ्याला रिठ्याच्या आतल्या काळ्या बिया आणि पांढऱ्याला राखी-पांढरे सागरगोटे. आमची ही म्हणे अस्सल देशी भर होती. बायकोने विचारलं, "आता सागरगोटे खेळणार का?" पेटी सुताराकडून करून घेतली. वर हात जाईल एवढं भोक, आत कप्पा. प्रत्येकाला एक रिठा आणि एक सागरगोटा द्यायचा, हवा तो पेटीत टाकायचा आणि उरलेला शेजारच्या कापडी पिशवीत. पद्धत अंगवळणी पडावी म्हणून आधी एक तालीम झाली, आणि तालमीला उमेदवार कोण? स्वतः अध्यक्ष. सगळे पांढरे निघाले. टाळ्या झाल्या. अध्यक्षांनी खरोखरच निवडून आल्यासारखे हात जोडले.

मग आबांचा रविवार उजाडला. ते खाली पोर्चमधल्या झोक्यावर बसून होते. पांढरा शर्ट नवीन होता, घडीच्या रेघा तशाच होत्या. शेजारी पिशवीत पेढ्यांचा खोका. मी वर जाताना म्हणालो, "आबा, दहा मिनिटांत बोलावतो." ते म्हणाले, "सावकाश होऊ द्या, सर."

दिवे मंद केले. एकेक जण उठला, पेटीत हात घालून आला. सगळ्यांचे चेहरे देवळात गेल्यासारखे. मीही सागरगोटा टाकला, रिठा पिशवीत टाकला आणि येऊन बसलो. अध्यक्षांनी कप्पा ओढला, आत पाहिलं, लगेच बंद केला. डोळे मिटून म्हणाले, "एक काळा आहे."

वकिलांनी च्‌ च्‌ केलं. डॉक्टरांनी कपाळावर हात मारून घेतला. व्यापारी चक्क म्हणाले, "कोणी असेल हो एवढा नीच?" अध्यक्षांनी बोट ओठांवर ठेवलं आणि सगळे खाली गेले. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभा राहून पाहत होतो. अध्यक्षांनी आबांच्या खांद्यावर हात ठेवला. काय म्हणाले ते ऐकू आलं नाही, पण आबा उभे राहिले, मान हलवली, आणि पिशवीतून खोका काढला. "आणलेच आहेत तर तोंड गोड करा." पाचही जणांनी पेढा घेतला. व्याह्यांनी दोन घेतले. दुकानातल्या पेढ्याला विटाळ नसतो ना. आबा रिक्षाने गेले, मला भेटायला वर आले नाहीत.

सामान आवरायचं काम चिटणिसाचं. दिवे लावले, पिशवी उपडी केली. टेबलावर पाच सागरगोटे आणि एक रिठा पडला. तो एक रिठा माझा. म्हणजे बाकी पाचही जणांनी पांढरा न टाकता परत ठेवला होता. मी कप्पा ओढला. आत पाच रिठे होते, आणि त्यांच्यात माझा एकटा सागरगोटा.

खोटं नाही सांगत, मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं. एकाने काळा टाकला असता तर मी समजू शकलो असतो. जगात एखादा हलकट असतोच. पण इथे प्रत्येकाने काळा टाकला होता, आणि प्रत्येक जण खाली जाऊन त्या माणसाचा पेढा खाऊन आला होता. आणि तो 'कोणी असेल हो एवढा नीच?' म्हणणारा!

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी अध्यक्षांकडे गेलो. ते कुंडीतल्या तुळशीला पाणी घालत होते. मी म्हणालो, "एक काळा नव्हता. पाच होते. तुम्ही पाहिलेत."

ते दचकलेसुद्धा नाहीत. "तुम्ही कप्पा उघडलात? सर, गुप्त मतदान असतं ते. चिटणिसानेच नियम मोडावा?"

"तुम्ही खोटं का सांगितलंत?"

"खोटं कुठे? नियमाला एक पुरतो. पुढचे मोजायचे नसतात." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पाच म्हटलं असतं तर आबांना किती लागलं असतं, विचार करा. माणसाचं मन जपायला नको?"

आपण दयाळू आहोत अशी त्यांची मनापासून खात्री होती. मी म्हणालो, आबांना तुम्ही स्वतः खरं सांगा, नाहीतर मी सांगतो आणि मंडळही सोडतो. ते म्हणाले, योग्य वेळी सांगू. मी म्हणालो, मग मी आजच सोडलं. पिशवीतून आणलेला एप्रन त्यांच्या तुळशीच्या कुंडीवर टाकला आणि निघून आलो. तावातावाने घरी येताना मला आपण फार मोठं काही केलं असं वाटत होतं.

आबांचा फोन बंद होता. घराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, पुण्याला मुलाकडे गेलेत. मी थांबायचं ठरवलं. फोनवर सांगण्यासारखी ही गोष्ट नव्हती.

ते परत आले ते मला कळलंच नाही. तलावावर ते दिसेनात. पण मंडळातल्या मंडळींना बरोबर कळलं होतं. पुढे काय काय झालं ते मला तुकड्या-तुकड्यांनी समजलं, बरंचसं बायकोकडून. तिला आबा भाजीबाजारात भेटले होते.

पहिले डॉक्टर गेले त्यांच्या घरी. देवाशपथ म्हणाले, आबा, मी पांढराच टाकला. मग व्यापारी गेले, केळीचा घड घेऊन. त्यांनी पोरांची शपथ घेतली. वकील गेले, व्याही गेले, शेवटी अध्यक्ष गेले. प्रत्येक जण म्हणाला, मी पांढरा टाकला, कोणी पाप केलं देव जाणे. आणि मनात टोचत असेल म्हणून म्हणा किंवा कशाने म्हणा, प्रत्येकाने आबांच्या घरी बसून आबांच्या कपातून चहा घेतला. ज्या माणसाच्या डब्यातली भाजी खाल्ली नाही त्याच्या घरच्या चहाने खोट्या शपथा गिळल्या. आबा बायकोला भाजीच्या ढिगापाशी उभं राहून सांगत होते, "वहिनी, डॉक्टर मना घर चहा पिसन गयात. बठ्ठा लोके चांगला शेतस." सगळे चांगले आहेत, हे सांगताना चेहरा असा फुलला होता म्हणे, की तिला पुढे विचारवेना.

"आणि तुमच्याबद्दल एक म्हणाले," बायको म्हणाली. ती भाजी निवडत होती, वर पाहत नव्हती. "म्हणाले, सरांना सांगा मनात काही ठेवू नका. माझा राग नाही."

"माझ्यावर राग? कशाचा?"

तिने मान वर केली. "अहो, सगळे जण शपथा घेऊन आले. एक तुम्हीच गेला नाहीत. मग काळा कोणाचा उरला?"

मला हे समजायला वेळ लागला. मी शपथ घ्यायला गेलो नव्हतो, कारण शपथ घ्यावी लागेल असं मला वाटलंच नव्हतं. त्यांना बोलावणारा मी, नाव सुचवणारा मी. आणि वर मी मंडळ सोडून बसलो होतो. वकिलांनी त्याचाही अर्थ आबांना समजावून दिला होता. "ज्याचं मन खातं तोच पळतो," असं ते म्हणाले होते. कोर्टात जन्म गेलेला माणूस, पुरावा कसा फिरवायचा हे त्याला शिकवावं लागत नाही.

मी त्या संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो, तर कुलूप. दुसऱ्या संध्याकाळी गेलो, पुन्हा कुलूप. तिसऱ्या वेळी शेजारीणच म्हणाली, "आबा ना? आज त्यांचं मंडळ आहे." मी म्हणालो, कोणतं मंडळ? "अहो, त्यांना मोठं पद मिळालंय ना तिथे."

मी रिक्षा करून अध्यक्षांच्या बंगल्यावर गेलो. रविवार होता हे माझ्या लक्षातच नव्हतं. जिना चढून वर आलो आणि हॉलच्या बंद दाराबाहेर आबा उभे होते. पांढरा एप्रन बांधलेला, बुटांना पॉलिश, हातात शाळेच्या गॅदरिंगला वापरतात तशी चंदेरी रंग दिलेली लाकडी तलवार. ताठ उभे.

फ्रीमेसन लोकांत असं एक पद असतं खरं. सभा चालू असताना एक जण दाराबाहेर तलवार घेऊन पहारा देतो. पण तो त्यांचा स्वतःचा भाऊ असतो, पूर्ण दीक्षा घेतलेला, आत काय चाललंय ते सगळं जाणणारा. आमच्या शहाण्यांनी पुस्तकातलं तेवढं पान बरोबर उचललं आणि माणूस मात्र असा शोधला की ज्याला त्यांनी आत घेतलंच नव्हतं. म्हणजे कामही झालं, मानही दिला आणि दारही बंद राहिलं. असली हुशारी आपल्या लोकांखेरीज कोणाला सुचायची नाही. ती मी गावोगाव पाहिली आहे. लग्नात ज्याला पंगतीला बसवायचं नसतं त्याला पाण्याच्या हौदावर लक्ष ठेवायला सांगतात आणि वर म्हणतात, तुझ्याशिवाय आमचं पान हलत नाही.

आतून हसण्याचा आवाज आला. मग कपबश्यांचा किणकिणाट. चिनी मातीच्या. मला तो आवाज ओळखू आला.

"आबा," मी म्हणालो, "खाली चला. बोलायचंय."

"ड्यूटीवर आहे, सर." छापील मराठीत म्हणाले. चेहऱ्यावर राग नव्हता. रागाची मी तयारी करून आलो होतो, हे असं काहीतरी शांत, समजूतदार बघायची माझी तयारी नव्हती.

मग तिथेच, जिन्यावर, दबक्या आवाजात मी सगळं सांगितलं. पिशवीत उरलेला एकच रिठा, कप्प्यातले पाच, अध्यक्षांनी पाहून मिटलेले डोळे. कागदी कप सांगितले. शेवभाजी सांगितली, तिखट झाली नव्हती हेही सांगितलं. सांगताना माझा आवाज चढला असावा, कारण त्यांनी एकदा मागे वळून दाराकडे पाहिलं. ते ऐकत होते. शेवटपर्यंत ऐकलं. तलवारीची मूठ त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती.

मी थांबलो तेव्हा त्यांचा चेहरा बदललेला होता. वर्षभरात पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे परक्यासारखं पाहिलं.

"सर," ते म्हणाले, "सोताना काळा झाकाले तुम्ही बठ्ठासले काळं करी राह्यनात?"

मी म्हणालो, "आबा, मी कशाला—"

"पाच माणसं मना घर उनात. पोरांची शपथ घेतली त्यांनी. माझ्या कपात चहा प्याले. तुम्ही एकदा तरी आलात?"

गेलो होतो, कुलूप होतं, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण ते वाक्य मला स्वतःलाच खोटं वाटायला लागलं. खऱ्या गोष्टीचा पुरावा माझ्याकडे काहीच नव्हता. रिठे मी तिथेच ठेवून आलो होतो. त्या पाच जणांकडे मात्र चहा होता, केळीचा घड होता आणि पोरांची शपथ होती. आणि मला हेही दिसत होतं की मी जिंकलो, त्यांनी माझं खरं मानलं, तर ते उद्या सकाळी उठून कोणाकडे बघतील? पाच भाऊ एका फटक्यात जातील आणि एक सर उरेल. मला ते कळत होतं, तरी मला त्यांनी खरं मानायला हवंच होतं. मी दाराकडे पाऊल टाकलं. म्हटलं, आत्ता आत जातो, सगळ्यांसमोर विचारतो, बघू कोण नजर देतो.

आबांनी लाकडी तलवार आडवी केली. माझ्या छातीला ती टेकलीसुद्धा. इतका जवळ उभा होतो की त्यांच्या शर्टाच्या इस्त्रीचा वास येत होता. आतल्या हसण्याला पुन्हा उकळी फुटली आणि कोणीतरी मोठ्याने पातळीचं भाषण सुरू केलं, इथे उंच कोणी नाही, खाली कोणी नाही. आबांनी ते ऐकलं, आणि बघता बघता त्यांचे डोळे भरून आले.

"माफ ते मी तुमले तवयच करी टाकं, सर," ते हळूच म्हणाले. मग घसा साफ करून, ड्यूटीवरचा आवाज काढून म्हणाले, "पण आत सोडता येणार नाही. आत फक्त भाऊ जातात."